शनिवारचे पाणी आणि फ्रीजरमधली फरसबी

मी, हेंड्रिना सोफिया जूर्स्ट, कै. पेट्रस जूर्स्ट यांची विधवा, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार केप टाउनपलीकडचे मिशनचे गाव एबेनडाल, खालची आळी, हे सर्व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. पाय नाहीत; ते भोपळ्यासारखे सुजले आहेत, आणि उद्या सकाळी गाडी येऊन मला शहरातल्या मोठ्या इस्पितळात हृदयाच्या ऑपरेशनसाठी नेणार आहे. पण मृत्युपत्र काही पायांनी लिहायचे नसते. मला कोणी भरीला घातलेले नाही, धमकावलेले नाही, गोड बोलून फसवलेले नाही. उलट जो तो म्हणतो, "आंटी, असलं अभद्र काय लिहिता, चार दिवसांत ठणठणीत होऊन याल." आले तर बरेच. पण मी थकले आहे, आणि थकलेल्या माणसाने निजायच्या आधी दाराची कडी लावावी एवढे मला कळते. यापूर्वी मी कुठे काही लिहून ठेवले असेल तर ते रद्द समजावे. विशेषतः पेट्रस गेला त्या वर्षी रागाच्या भरात लिहिले होते ते.

कायदा जाणणारी माणसे म्हणतात की आधी घराचे लिहावे. मी आधी फ्रीजरचे लिहिते. घर वितळत नाही.

कलम पहिले. स्वयंपाकघरामागच्या खोलीतला पांढरा आडवा फ्रीजर, झाकणाचा एक कोपरा गंजलेला, आतल्या मालासकट, मी माझी सून मेलविना हिला देते. मेलविना ही माझ्या मुलाची, हॅनेसची, विधवा. हॅनेस सफरचंदांचा ट्रक चालवायचा. तो घाटात गेला. त्यावर आणखी काही लिहिण्याची माझ्यात ताकद नाही आणि कायद्याला त्याची गरजही नाही.

एका जुन्या फ्रीजरला मृत्युपत्रात पहिला मान कशाला, असे ज्याला वाटेल तो आमच्या गावचा नव्हे. आमच्याकडे दफन झाले की सगळ्या गावाने चर्चच्या सभागृहात एकत्र जेवायचे, आणि त्या जेवणात फरसबी घातलेला मटणाचा रस्सा नसेल तर जुनी माणसे म्हणतात, मेलेल्याला उपाशी पाठवले. आता फरसबी येते उन्हाळ्यात, तो आमच्याकडे नाताळपासून पुढे. म्हातारी माणसे मात्र मरतात हिवाळ्यात, जून-जुलैत, पाऊस आणि गारठा एकदम आला की. मरणाला हंगाम सांगता येत नाही, म्हणून फरसबीला थांबवून ठेवावे लागते. वीज नव्हती तेव्हा आम्ही ती मिठाच्या थरात बरणीत दाबायचो. तो रस्सा खाल्ला की शोक विसरून लोक पाण्याच्या नळाकडे धावायचे. वीज आली त्या वर्षी पेट्रसने हा फ्रीजर बंद पडलेल्या एका हॉटेलातून गाढवाच्या गाडीवर आणला. वाटेत लोक हसले. पुढच्या हिवाळ्यात हसणाऱ्यांपैकीच एकाचा बाप गेला आणि तो माझ्या दारात पातेले घेऊन आला. तेव्हापासून या गावातले एकही दफन माझ्या फरसबीशिवाय झालेले नाही.

फ्रीजर घेणाऱ्याने पुढील गोष्टी पाळाव्यात. मेलविनाला त्या येतात, पण ती भिडस्त आहे. कोणी शहाणपणा शिकवायला आले तर हा कागद तिने तोंडावर धरावा.

शेंग कोवळी असताना, ऊन चढायच्या आत तोडावी. आतला दाणा बाहेरून फुगलेला दिसला की ती शेंग फ्रीजरची नाही, ती बियाण्याची. तोडलेली त्याच दिवशी करावी. उद्या करू म्हणणाऱ्या बाईने फरसबी लावू नये, निवडुंग लावावा. देठ-शेंडे काढून, मोडून, मोठ्या पातेल्यात खळखळ उकळत्या पाण्यात थोडी थोडी सोडावी. एकदम ओतली की पाणी थंड पडते आणि शेंगा शिजतही नाहीत, कच्च्याही राहत नाहीत, नुसत्या रुसतात. मग लगेच काढून बर्फाच्या पाण्यात. बर्फात कंजूषपणा करू नये. गार झाली की जुन्या चादरीवर पसरून अगदी कोरडी करावी. ओली ठेवली तर तिच्यावर बर्फाची मिशी येते. कोरडी झाली की ट्रेमध्ये एकमेकींना न चिकटता आधी गोठवावी आणि मगच पिशवीत भरावी, म्हणजे मूठभर हवी असताना अख्खा दगड फोडत बसावे लागत नाही. पिशवीतली हवा तोंड लावून ओढून घ्यावी. त्या वेळी खोकला आला तर पिशवी दुसऱ्याकडे द्यावी.

आणि लोडशेडिंग. वीज गेली की फ्रीजर उघडायचा नाही. राजा आला तरी नाही, पाद्री आला तरी नाही. रिकामी जागा राहिली असेल तर पाण्याच्या बाटल्या भरून ठेवाव्यात; भरलेला फ्रीजर थंडी धरतो, रिकामा लगेच हात झटकतो. वर जाड घोंगडी टाकावी, मागची जाळी उघडी ठेवून. आणि एकदा वितळून मऊ झालेली फरसबी पुन्हा गोठवायची नाही. ती त्याच दिवशी शिजवावी आणि शेजाऱ्यांना बोलवावे, कोणी मेलेले नसले तरी.

आता उकळत्या पाण्यात किती वेळ ठेवायची, हे राहिले. त्याचे थोडे लांब आहे.

आमच्या आळीत घड्याळ लावून फरसबी कोणी करत नाही. आम्ही कापणीचे स्तोत्र म्हणतो. बारीक शेंगेला तीन कडवी, जाडीला चौथेही. माझ्या आईने असेच केले, तिच्या आईनेही. शेंगा पाण्यात पडल्या की बायका सूर लावणार आणि शेवटच्या 'आमेन'ला झारा आत जाणार. हे स्तोत्र आम्ही दफनालाही म्हणतो. कापणीच ती.

मेलविना आमच्यातली नव्हे. ती केप टाउनबाहेरच्या सपाटीवरच्या वस्तीतली, टाळ्या वाजवून देवाला हाका मारणाऱ्या मंडळीतली. हॅनेस गेला त्याच उन्हाळ्यात तिने पहिल्यांदा एकटीने पातेले सांभाळले. मी अंथरुणाला खिळले होते, हातपाय गळून. बाहेरच्या खोलीतून मला तिचे स्तोत्र ऐकू यायचे. म्हणताना अशी धावायची की जणू मागे कुत्रा लागलाय. मनात म्हटले, त्यांच्या चर्चची सवय असेल. काही बोलले नाही, बोलायला जीवच नव्हता.

हिवाळ्यात म्हातारे मास्तर गेले. पिशव्या उघडल्या तर वास आला वाळल्या गवताचा. तीन कडवी झाली होती, पण धावत झाली होती. शेंगा आतून कच्च्याच गोठल्या होत्या, आणि कच्ची गोठलेली फरसबी फ्रीजरमध्येही म्हातारी होत राहते. रंग मातकट, चव सुतळीची. सभागृहात लोकांनी मटण खाल्ले आणि शेंगा ताटाच्या कडेला सारल्या. वरच्या आळीचा गिडियन सेप्टेंबर सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "हेंड्रिना, मास्तरांना घोडा समजलीस की काय?"

घरी आल्यावर मी मेलविनाला तोंडाला येईल ते बोलले. बोलायलाच हवे होते. अख्ख्या वर्षाची फरसबी गेली होती. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "मा, ते स्तोत्र मला हळू म्हणवत नाही. हळू म्हटलं की त्याची शवपेटी खाली जाताना दिसते. मग मी पळत सुटते."

मी पातेले घासत होते, ते घासतच राहिले. माझा तो मुलगा, आणि मला त्या स्तोत्रात फक्त कडवी मोजता येत होती. मग मी म्हटले, "मग दुसरं म्हण. देवाकडे गाण्यांना काय तोटा आहे?"

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दोघींनी तिच्या मंडळीतली गाणी एकेक करून पातेल्यावर धरून पाहिली. एक फार लवकर संपायचे. एकात हात वर करायचे असायचे, त्यात झारा पडला आणि मांजर भाजता भाजता वाचले. शेवटी एक सापडले, टाळ्यांचे, दोनदा म्हटले की नेमके. पण गाणे कोणतेही असो, खरी परीक्षा दातांची. एक शेंग काढून, फुंकून चावून बघावी. रंग हिरवागार चढलेला हवा, वाकवली तर वाकायला हवी, आणि दाताखाली किंचित करकरली पाहिजे. हे तिन्ही जमले की गाणे मध्येच सोडले तरी देव रागावत नाही. तेव्हापासून माझ्या घरात फरसबी टाळ्या वाजवत होते. खालच्या आळीतल्या बायकांनी नाके मुरडली. पुढच्या हिवाळ्यात ताटाच्या कडेला एक शेंग राहिली नाही, मग नाके आपोआप सरळ झाली.

माझ्या दफनाला कोणते स्तोत्र म्हणायचे ते मेलविनाने ठरवावे, चर्चच्या बँडने नव्हे. रस्सा माझ्याच फ्रीजरमधला करावा आणि तळाच्या जुन्या पिशव्या आधी काढाव्यात. मी मेले म्हणून नवा माल उधळायचे कारण नाही.

कलम दुसरे. माझी मुलगी रागेल केप टाउनला असते. तिला मी माझे शिवणयंत्र, नाताळला काढायची निळी कपबशी आणि तिच्या बापाचा ट्रंपेट देते. घर मात्र तिला नाही. हे तिला फोनवर सांगून झाले आहे. ती म्हणाली, "आई, घर मेलविनालाच दे. मी कधी तिथं राहणार आहे? तिथली ती पाण्याची भांडणं मला नकोत. आणि फरसबीचं एवढं काय घेऊन बसतेस, दुकानात बारा महिने मिळते."

मिळते ना. फरसबी मिळते. मिळत नाही ती शेंगा मोडायला शेजारी येऊन बसणारी माणसे. पण रागेल मनाने चांगली आहे, फोन ठेवायच्या आधी रडली, म्हणून तिच्याविरुद्ध या कागदात आणखी काही लिहीत नाही. लिहिण्यासारखे होते.

तेव्हा घर, म्हणजे भिंती, पत्रे, चूल आणि अंगणातले लिंबाचे झाड, मेलविनाला.

कलम तिसरे. नदीकाठचा मळा. हा मला देता येत नाही.

बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्या गावात घर आपले असते, जमीन मिशनची. मळा आपण नुसता कसायचा, आणि तो कोणाच्या नावे लावायचा हे गावचे पंच ठरवतात. गावकीच्या यादीत ज्याचे नाव त्यालाच मळा. बाहेरून आलेली सून विधवा झाली तर दया म्हणून तिला कसू देतात, पण तिने बाहेरच्या माणसाशी पुन्हा लग्न केले की मळा पंचांकडे परत. मेलविना या मळ्यात माझ्यापेक्षा जास्त वाकली आहे. गेली काही वर्षे मी नुसती बांधावर खुर्ची टाकून बोलत असते. तरी यादीत तिचे नाव नाही. ती 'हॅनेसची' आहे, आणि हॅनेस मातीत आहे.

आणि इथेच माझ्या जिवाला घोर आहे. बाकी सगळी कलमे ही सामानाची उचलठेव. हे एक मार्गी लागले तर मी उद्या गाडीत डोळे मिटून बसेन.

क्लाइव्ह फोर्टाइन नावाचा एक माणूस आहे. शाळेची बस चालवतो, घाटापलीकडच्या गावचा, बायको वारलेली. मागच्या उन्हाळ्यात आमच्या फ्रीजरचे झाकण नीट बसेना, तेव्हा त्याने कडेचे रबर बदलून दिले. नवे बसवायच्या आधी त्याने जुन्याच्या खालची काळी चिकट घाण पूर्ण पुसून काढली. कोणी सांगितले नव्हते आणि कोणाला दिसणारही नव्हती. तेव्हाच मी म्हटले, हा बरा आहे. त्यानंतर त्याचे येणे वाढले.

परवा मी मेलविनाला विचारले, "तो फोर्टाइन परत आला होता?"

"आला होता, मा. बसचा आरसा सैल झाला म्हणून."

"आरसा सैल झाला म्हणून आपल्या दारात? आपण काय आरसे विकतो?"

ती हसली नाही. शेंगांचे देठ काढत राहिली. मी म्हटले, "लग्नाचं विचारलं त्यानं?"

"हो."

"मग?"

"नाही म्हटलं. पहिल्यांदा विचारलं तेव्हापण नाहीच म्हटलं होतं."

"का गं? पितो?"

"नाही."

"मारका आहे?"

"मा, तो बसमधल्या पोरांवरसुद्धा आवाज चढवत नाही."

"मग घोडं अडलं कुठं?"

"लग्न केलं की मळा जाणार. मळा गेला की फरसबी कुठली? कोणी गेलं तर लोकांना काय वाढायचं?"

"अगं, गावातल्या मेलेल्यांसाठी तू जिवंतपणी एकटी राहणार? त्यांच्यातला एकतरी उठून 'छान झाला होता रस्सा' म्हणायला येणार आहे का?"

तेव्हा तिने हातातली शेंग खाली ठेवली. "मला इथंच राहायचंय, मा. दुसरीकडं कुठं मला घर वाटत नाही. आणि त्याच्याबरोबरही राहायचंय. दोन्ही मागितलं तर फार होतं का?"

फार होत नाही. फरसबीच्या वेलालासुद्धा काठी लागते आणि पाणीही लागते. एकावर कोणी भागवत नाही. पण हे पंचांना कोण सांगणार?

कलम चौथे. तर यासाठी मी एक सौदा केला आहे, तो उघड लिहिते. लपवण्याचे माझे वय गेले.

जमीन देता येत नाही, पण पाटाच्या पाण्याची पाळी देता येते. ती घराण्याची असते. माझ्या घराण्याची पाळी शनिवारी सकाळची. गावातली सर्वांत चांगली. पाट रात्रभर भरलेला असतो, ऊन कोवळे असते आणि पाणी वाफ्यात मुरते, वाफ होऊन उडत नाही. फरसबी फुलोऱ्यात असताना एक पाळी चुकली तर फूल गळते, आणि जी शेंग धरते ती वाकडी, दोरा धरलेली. माझी फरसबी चांगली असते यात माझ्या हाताचा गुण निम्मा. निम्मा शनिवारचा.

ही पाळी गिडियन सेप्टेंबरला जन्मापासून हवी आहे. तोच तो, मास्तरांना घोडा म्हणणारा. त्याचा मळा माझ्या वर. पाट आधी त्याच्या बांधावरून येतो, आणि शनिवारी सकाळी माझ्याकडे पोचतो तेव्हा हमखास अर्धा. विचारले की म्हणतो, "हेंड्रिना, घुशीनं बांधाला भोक पाडलं." गेली तीस वर्षे एकच घूस, आणि तीही फक्त शनिवारी कामाला येते. त्याच्याशी मी भांडले, चर्चमध्ये त्याच्या बाकापासून दूर बसले, त्याच्या बायकोच्या दफनाला रस्सा दिला पण त्याच्याकडे बघितले नाही. आम्ही दोघे एका वर्गात शिकलो. तेव्हाही तो माझी पाटी पुसायचा.

पंच पाच आहेत. मेलविनाचे नाव गावकीत घ्यावे, म्हणजे लग्न केले तरी मळा तिचाच राहील, म्हणून मी अर्ज केला. दोघे हो म्हणाले. दोघे म्हणाले, आज हिला घेतले तर उद्या बसवाला घ्यावा लागेल. पाचवा गिडियन. तो काहीच बोलला नाही. निर्णय सोमवारी आहे, आणि सोमवारी मी चाकूखाली असेन.

म्हणून मी त्याला घरी बोलावले. तो आला, टोपी हातात, पाहुण्यासारखा.

मी म्हटले, "गिडियन, शनिवारची पाळी तुला हवी ना?"

"कोणाला नको?"

"माझ्यामागं तुझी. कायमची. तुझी बुधवारची रात्रीची मेलविनाला दे आणि सोमवारी हात वर कर."

त्याने माझ्या सुजलेल्या पायांकडे बघितले. म्हणाला, "बघू."

"आता काय बघायचं राहिलंय? मी मरायला टेकलेय, तू बघतोयस."

"आधी लिही," तो म्हणाला. "मग वाचतो."

तर लिहिते. शनिवारची सकाळची पाणीपाळी मी गिडियन सेप्टेंबर याला देते. माझ्या सासऱ्याने ही पाळी कुदळीने पाट खोदून मिळवली होती. पण मेलविनाला बुधवारच्या रात्री कंदील धरणारा कोणी असेल तर रात्रीच्या पाण्यावरही फरसबी होते. माझ्याकडे कंदील धरणारा होता तोवर मलाही रात्र कधी अवघड गेली नाही. आता भांडायला मला दम उरलेला नाही. ज्याला पाणी हवे त्याला पाणी, जिला माणूस हवा तिला माणूस.

कलम पाचवे लिहायचे होते कोंबड्यांचे. ते राहू दे, कारण इथे गडबड झाली आहे, आणि ती जशी झाली तशी लिहिते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की म्हातारीला फसवले.

आज शनिवार. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. दवाखान्याच्या नर्स, सिस्टर एंगेल, वेळेवर आल्या आहेत. दुसरा चर्चचा घंटावाला यायचा होता. पण सगळे गाव बँडच्या मेळाव्याला गेले आहे, आणि आत्ता निरोप आला की बस घाटात गरम होऊन उभी आहे. क्लाइव्ह पाणी ओततोय, यायला अंधार पडेल. सिस्टर एंगेल थांबू शकत नाहीत, वरच्या आळीत एक बाई अडली आहे. सकाळी माझी गाडी. खोलीत आहोत आम्ही चौघे: मी, सिस्टर, मेलविना आणि स्वतःचे कलम वाचायला आलेला गिडियन.

मेलविना सही करू शकत नाही. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याची साक्ष चालत नाही. त्याने सही केली तर त्याला दिलेले त्याच्या हातून जाते. हा कायदा आहे आणि चांगला आहे.

सिस्टर म्हणाल्या, "आंटी, इस्पितळात कोणालातरी धरा आणि तिथं सह्या घ्या."

मी म्हटले, "तिथं हा कागद माझ्या पिशवीत राहील आणि मी टेबलावर. आणि सही नसलेला कागद सोमवारी पंचांपुढं ठेवला तर चुलीतसुद्धा कोणी घालणार नाही. घर रागेलचं होईल, आज ती नको म्हणते, पण उद्या अडली की बिचारी विकून टाकील, आणि ही पोर बोचकं बांधून परत सपाटीवर."

मेलविना म्हणाली, "मा, जाऊ दे. दमलात तुम्ही. पडा आता."

गिडियन खिडकीत बसून कागद वाचत होता. चौथ्या कलमापाशी बराच वेळ थांबला. घुशीचे वाचले तेव्हा नाकातून आवाज काढला, बाकी काही नाही. मग चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाला, "पेन कुठंय?"

मी म्हटले, "गिडियन, तू सही केलीस तर पाणी गेलं तुझं. ते कलम नुसतं कागदावर राहील."

"मला शिकवतेस? या गावातल्या निम्म्या मृत्युपत्रांवर माझी सही आहे."

"मग?"

"मग काय? पेन दे."

"सोमवारचं काय?" मी विचारले. "पाणी मिळणार नसेल तर हात वर करशील कशावरून?"

तो एकदम तापला. म्हणाला, "हेंड्रिना, पाणी फोडलं असेन मी कधी. मत कधी विकलेलं नाही. तू हे सगळं लिहून ठेवलंयस, उद्या गाव वाचेल की गिडियननं एका पाळीवर हात वर केला. मला ते नको. पोरगी गावाचीच आहे, हे मला तिच्या पहिल्याच चांगल्या रश्श्याला कळलं होतं. फक्त तू विचारत नव्हतीस. भांडत होतीस."

सिस्टर घड्याळ बघत होत्या, पण उठल्या नाहीत. मला रडू आले, ते आले असे लिहिते. ज्याच्याशी आयुष्यभर भांडले त्याच्यासमोर रडायचे म्हणजे फार दमणूक होते.

गिडियन मेलविनाकडे वळला. "त्या बसवाल्याला पाणी धरता येतं का गं?"

ती म्हणाली, "नाही, अंकल. पण शिकेल."

"शनिवारी सकाळी पाठव. मी दाखवीन."

तेव्हा शेवटचे कलम असे: वर ज्याची वाटणी केलेली नाही ते, आणि केली असूनही घेणाऱ्याला घेता आली नाही तेही, शनिवारच्या पाण्यासकट, सगळे मेलविनाला. कोंबड्याही.

हे सर्व मी वाचून पाहिले आहे. खाडाखोड नाही. दोन्ही साक्षीदारांनी एकमेकांसमक्ष आणि माझ्यासमक्ष खाली सह्या केल्या आहेत.

ठिकाण: एबेनडाल, खालची आळी. शनिवार, ११ मार्च २०२३.

लिहून ठेवणारी:
हेंड्रिना सोफिया जूर्स्ट

साक्षीदार पहिली:
मार्था एंगेल, नर्स, एबेनडाल दवाखाना

साक्षीदार दुसरा:
गिडियन सेप्टेंबर, वरची आळी, गावचा पंच. या मृत्युपत्रातून मला काही मिळत नाही, हे मला माहीत आहे.